दाक्ष्य : वैद्याच्या हातातील विद्या

चिकित्सेच्या चतुष्पादांचे वर्णन करताना चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत. शास्त्राचे निर्मळ ज्ञान, अनेकवार प्रत्यक्ष पाहिलेले कर्म, दाक्ष्य आणि शौच हे ते चार गुण होत. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते मुखोद्गत असतात. परीक्षेत या विषयावर चार गुणांचा प्रश्न येतो, विद्यार्थी चार ओळी लिहितो आणि त्याला चारही गुण मिळतात. परंतु यांतील तिसऱ्या गुणापाशी थांबून, दाक्ष्य म्हणजे नेमके काय, ते येते कोठून, वाढते कसे आणि नष्ट होते कसे, याचा विचार आपण वैद्यमंडळींनी फारसा केलेला नाही. प्रस्तुत लेखात तो करण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

आरंभीच एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चतुष्पादांमध्ये दाक्ष्य हा शब्द दोनदा येतो. वैद्याप्रमाणेच परिचारकाच्या गुणांतही उपचारज्ञता, अनुराग आणि शौच यांच्या जोडीला दाक्ष्य सांगितले आहे. शास्त्राचे ज्ञान परिचारकाकडून अपेक्षित नाही, परंतु हाताची निपुणता व शुचिता मात्र दोघांकडूनही अपेक्षिलेली आहे. अष्टांगहृदयात तर वैद्याच्या गुणांची मोजणी 'दक्ष' या गुणापासूनच सुरू होते आणि गुरूकडून शास्त्र शिकणे हे त्याच्यानंतर येते. वृत्ताच्या सोयीसाठी वाग्भटांनी हा क्रम ठेवला असावा, असे कोणी म्हणेल. तेही शक्य आहे. तथापि त्याच ग्रंथात सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटाकडे, रत्नाची पारख जशी केवळ ग्रंथ वाचून येत नाही तशीच चिकित्साकर्मातील दृष्टीही अभ्यासानेच लाभते, या आशयाचे विधान आहे. म्हणून हा क्रम अगदीच सहजगत्या आला असेल असे वाटत नाही.

व्यवहारात आपण क्षमता आणि कौशल्य हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. शास्त्रदृष्ट्या त्यांत भेद करावा लागेल. क्षमता ही बव्हंशी सहज असते. कोणाची बोटे लांब असतात, कोणाची नजर तीक्ष्ण असते, कोणाचा हात स्वभावतःच स्थिर असतो. शिष्यपरीक्षेत आचार्यांनी बुद्धी आणि स्मृती यांबरोबर शरीराच्या अव्यंगतेचाही विचार केला, तो याच कारणाने. कौशल्य हे मात्र त्या क्षमतेवर झालेल्या संस्काराचे फळ आहे. विमानस्थानात 'करण' या आहारविधीच्या अंगाचे विवेचन करताना संस्कार म्हणजे द्रव्यात नवीन गुणांचे आधान, असे सांगितले आहे. आणि ते जल, अग्नी, शोधन, मंथन, काल, भावना आदींनी होते. गुरू असलेला तांदूळ भात होऊन लघू होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते वैद्याच्या हातालाही हेच तत्त्व लावता येते. हात हे द्रव्य आहे आणि कौशल्य हा त्याला दिलेल्या भावनांनी आलेला गुण आहे. एक भावना देऊन औषध सिद्ध होत नाही हे आपण जाणतो. मग एकदा पाहिलेल्या कर्माने हात सिद्ध होईल अशी अपेक्षा विद्यार्थ्याकडून का करावी? परादि गुणांमध्ये चरकाचार्यांनी 'अभ्यास' हा स्वतंत्र गुण मोजला आहे आणि या गुणांचे ज्ञान नसल्यास चिकित्सा यथायोग्य चालत नाही असेही म्हटले आहे, हे या संदर्भात ध्यानात ठेवावे.

या विषयाचा सर्वांत सविस्तर पाठ सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाचा नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' या नावाने प्रसिद्ध आहे. सर्व शास्त्र शिकून झालेल्या शिष्याकडूनही योग्या, म्हणजे कर्माचा सराव, करवून घ्यावी, असे तेथे स्पष्टपणे सांगितले आहे. त्यासाठी निवडलेली साधने पाहिली म्हणजे त्या आचार्यांनी किती बारकाईने विचार केला होता हे कळते. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावयाचा. भेदनासाठी पाणी आणि चिखल भरलेली कातड्याची पिशवी अथवा जनावराचा मूत्राशय घ्यावयाचा. लेखनासाठी केस असलेले ताणून बसविलेले चामडे, वेधनासाठी मृत जनावराची शिर किंवा कमळाचा देठ, एषणासाठी किडीने पोखरलेले लाकूड, वेळू वा वाळलेल्या भोपळ्याचे तोंड सांगितले आहे. आहरणाचा सराव फणस, तोंडले व बेल यांच्या गरावर आणि मृत जनावराच्या दातांवर, विस्रावणाचा मेण लिंपलेल्या सावरीच्या फळीवर, आणि सीवनाचा सराव बारीक व जाड वस्त्रांच्या कडांवर आणि मऊ चामड्याच्या कडांवर करावयाचा. पट्टबंधनासाठी माणसाच्या आकाराची बाहुली आहे. बस्तिनेत्र घालण्याचा सराव पाण्याने भरलेल्या घागरीच्या कडेच्या छिद्रावर आहे.

भेदनाच्या साधनाचाच विचार करा. कातड्याच्या पिशवीत पाणी भरले असते तरी चालले असते, मग चिखल कशाला? याचे उत्तर ज्याने पक्व विद्रधीवर शस्त्र चालविले आहे त्याला सांगावे लागत नाही. वरची त्वचा ताणलेली असते, आतील द्रव पाण्यासारखा पातळ नसतो, आणि शस्त्र आत शिरल्याबरोबर प्रतिरोध एकाएकी नाहीसा होतो. त्या क्षणी हात थांबला पाहिजे. तो थांबण्याचा क्षण शब्दांनी शिकविता येत नाही म्हणून आचार्यांनी तो पिशवीत भरून ठेवला. विसाव्या शतकात मायकेल पोलान्यी या विचारवंताने, माणसाला शब्दांत सांगता येते त्याहून अधिक ज्ञान त्याच्यापाशी असते, हा सिद्धान्त मांडला आणि त्याची पाश्चात्त्य जगात मोठी चर्चा झाली. आपल्याकडे तो सिद्धान्त म्हणून मांडला गेला नाही, परंतु त्याची व्यवस्था मात्र झालेली होती.

योग्येची परंपरा ग्रंथांत राहिली आणि पाठशाळांतून हळूहळू लुप्त झाली. पण कौशल्य कोठे टिकून राहते हे सांगणारी एक घटना आपल्याच महाराष्ट्रात घडलेली आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रज सैन्याबरोबर असताना १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ एका विटा करणाऱ्या जातीतील माणसाने त्याचे नाक नव्याने बनविले. कृती अशी होती : मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी नीट बसवून त्याचा आकार घ्यावयाचा, तो तुकडा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, कडेने रेघ आखून तेवढी त्वचा सोडवावयाची, मात्र दोन डोळ्यांच्या मधली पट्टी कायम ठेवावयाची. त्या पट्टीतून रक्तपुरवठा चालू राहतो. मग ती त्वचा खाली वळवून नाकाच्या व्रणात बसवावयाची. टाके घातले नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक बसविल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड ठेवले. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली.

खदिराचा कषाय रस आणि त्याचे स्तंभन कर्म जाणणाऱ्या वाचकाला येथे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नासासंधान आहे, पण तेथे त्वचा गालाची घ्यावयाची आहे आणि माप झाडाच्या पानाचे. पुण्याच्या कारागिराने कपाळाची त्वचा घेतली आणि माप मेणाचे घेतले. म्हणजे ग्रंथापासून दुरावलेले हे कर्म हातांतून हातांत जाताना नुसते टिकले नाही, त्यात भरही पडली. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविदाने ते वृत्त वाचले, शवांवर दीर्घकाळ सराव केला आणि १८१४ मध्ये हे शस्त्रकर्म केले. १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आधुनिक संधानशल्याच्या इतिहासात या घटनेला मोठे स्थान आहे. त्या पत्रात रुग्णाचे नाव आहे, प्रत्यक्ष पाहणाऱ्या दोन इंग्रज वैद्यकांची नावे आहेत. ज्याच्या हाताने नाक बनले त्याची केवळ जात दिली आहे.

हे वाचताना प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या अंतर्वासितेच्या काळाचे स्मरण होते. नांदेड जिल्ह्यातील ज्या रुग्णालयात तो काळ गेला तेथे पंचकर्म विभागात एक परिचारक होते. सर्वजण त्यांना मामा म्हणत. शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. निरूहबस्तीचे द्रव्य सिद्ध करताना मध, सैंधव, स्नेह, कल्क आणि क्वाथ या क्रमाचे कारण आम्ही परीक्षेत लिहिलेले होते. मामांनी ते लिहिलेले नव्हते. ते रवीने घुसळीत बसत आणि मध्येच थांबून म्हणत, "झालं आता." आम्ही पाहिले तर खरोखरच स्नेह कोठे वेगळा दिसत नसे. एकदा मी विचारले, "मामा, न पाहताच कसं कळतं?" ते म्हणाले, "आवाज जाड होतो, डॉक्टरसाहेब." डाव्या कुशीवर निजविलेल्या भयभीत बाईला ते तिच्या गावच्या पेरणीविषयी विचारीत, आणि तिचे उत्तर पूर्ण होण्यापूर्वी बस्तिनेत्र योग्य दिशेने आत गेलेले असे. त्यांच्या हातून दिलेला बस्ती लगेच परत आला असे मी क्वचितच पाहिले. आमच्या हातचा मात्र वरचेवर परत येत असे.

मामा निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, दोन भाषणे झाली. त्यांच्याकडून कोणी शिकून घ्यावे असे आम्हां कोणाच्याच मनात आले नाही, त्यात मीही होतो. पुढे काही वर्षांनी तेथे गेलो तेव्हा बस्तियंत्रे कपाटात व्यवस्थित मांडलेली होती आणि पंचकर्माच्या नोंदवहीत अभ्यंग व स्वेदनच तेवढे दिसत होते. चतुष्पादांपैकी परिचारक हा पाद आपण पगाराच्या यादीतील सर्वांत खालच्या ओळीत ठेवला आहे. त्याचा परिणाम चिकित्सेवर होणार नाही असे मानणे धाडसाचे आहे. रुग्णाचीही दृष्टी याहून फार वेगळी नाही. औषधाच्या पुडीचे पैसे तो विनातक्रार देतो. अग्निकर्माचे वा बंधनाचे मागितले की, नुसता हात तर लावला, असे बाहेर जाऊन म्हणतो.

हाताच्या विद्येची दुसरी परीक्षा भैषज्यनिर्माणात होते. नांदेडात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, शासकीय रसशाळाही आहे. त्यामुळे मराठवाड्यातील वैद्याला औषधनिर्माण हा विषय परका नाही. स्नेहपाकाची लक्षणे शार्ङ्गधराने दिलेली आहेत. कल्क बोटांत वळला असता त्याची वात व्हावी, तो अग्नीत टाकला असता तडतड होऊ नये, तेल सिद्ध होताना फेस यावा आणि तूप सिद्ध होताना फेस शमावा. एवढे स्पष्ट सांगितल्यावर चूक होण्यास जागा नसावी असे वाटते. मी व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी पाच लिटर तिळतेल सिद्ध करण्यास घेतले. फेस आला, वातही झाली, परंतु 'आणखी थोडे' म्हणून मी कढई उतरविली नाही, आणि तेवढ्या अवकाशात रुग्ण आला म्हणून बाहेर गेलो. तेल खरपाक झाले. नस्यासाठी मृदुपाक आणि बस्तीसाठी मध्यमपाक हवा. ते सर्व तेल अभ्यंगासाठी वापरावे लागले. त्यातील खरी चूक बाहेर जाण्याची नव्हती. उतरविलेली कढई आणि तिच्यातील तापलेला कल्क विस्तवाशिवायही काही काळ शिजतच राहतात, हे मला पुस्तकाने सांगितले नव्हते आणि हाताला अजून कळले नव्हते. पुढील तीनचार घाण्यांनंतर ते कळले.

एकट्या हातावर भिस्त ठेवणेही शास्त्रसंमत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. शास्त्र जाणणारा पण कर्म न शिकलेला वैद्य रुग्णासमोर रणात गेलेल्या भित्र्यासारखा गांगरतो, आणि कर्मात धीट पण शास्त्राविषयी अज्ञ असलेला वैद्य राजदंडास पात्र होतो, असे सुश्रुताचार्यांनी दोघांविषयी सांगून त्यांना एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. लातूरकरांना याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. बहुसंख्य बळी पडले ते घरांच्या भिंती व माळवदे कोसळून. त्या जाड दगडी भिंती बांधणाऱ्या गवंड्याचा हात अकुशल होता असे कोणी म्हणू शकणार नाही. ओबडधोबड दगड केवळ नजरेने जुळवून मातीत बसविणे हे सोपे काम नव्हे. परंतु भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर यांना एकत्र धरणारे आरपार दगड त्यांत नव्हते, आणि माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे नवे थर चढून भार वाढत गेला होता. अर्थात दोष त्या गवंड्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शास्त्रानेही तोपर्यंत किल्लारीचा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविला होता. २००२ च्या सुधारणेत तो वरच्या पट्ट्यात गेला. भूकंपानंतर गवंड्यांना आरपार दगड व कोपऱ्यांची बांधणी शिकविण्यात आली, तेव्हा त्याच हातांनी ते आत्मसात केले.

आता आपल्या विद्यार्थ्यांकडे वळू. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्राला परिचित आहे, आणि नांदेडही त्या वाटेने गेले आहे. या पद्धतीची निंदा करण्याची रीत पडली आहे. मला ती निंदा पूर्णतः मान्य नाही. या पद्धतीचा गाभा सराव हाच आहे. तीच प्रश्नपत्रिका पुनःपुन्हा सोडविणे, चूक नेमकी कोठे झाली ते त्याच दिवशी पाहणे, आणि तो भाग दुसऱ्या दिवशी परत करणे, ही एका अर्थी योग्याच आहे. खेड्यातून आलेल्या, घरात कोणी शिकलेले नसलेल्या कित्येक मुलामुलींना या सरावाने वैद्यकाची दारे उघडून दिली. प्रश्न एवढाच आहे की हा सराव चार पर्यायांतून एक निवडण्याचा असतो. 'नीट' परीक्षेतून आयुर्वेद महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताने तत्पूर्वीची काही वर्षे लेखणीखेरीज दुसरे काही धरलेले नसते. सरावाची सवय घेऊन आलेल्या या मुलांना आपण साडेचार वर्षे सरावासाठी काय देतो, हे आपण शिक्षकांनी व ज्येष्ठ व्यवसायिकांनी स्वतःला विचारावे. राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने अलीकडील अभ्यासक्रमात क्षमताधारित शिक्षणावर भर दिला आहे हे स्वागतार्ह आहे. मात्र नोंदवही भरणे आणि कर्म करणे यांतील अंतर आपणां सर्वांना ठाऊक आहे.

हे अंतर आता केवळ शैक्षणिक राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२० च्या राजपत्रान्वये शल्यतंत्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ३९ आणि शालाक्यतंत्राच्या १९ अशी एकूण ५८ कर्मे नामनिर्देशाने नमूद झाली. त्याच्या विरोधात ११ डिसेंबर २०२० रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनने देशव्यापी बंद पाळला. आपल्या बाजूने सुश्रुतांचे नाव घेऊन पुष्कळ लिहिले गेले. सुश्रुतांचे नाव घेणाऱ्याने त्यांच्या नवव्या अध्यायाचेही उत्तर दिले पाहिजे असे मला तेव्हाही वाटत होते. या वादात आपल्याकडे सर्वांत बळकट पुरावा क्षारसूत्राचा होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत केलेल्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण शस्त्रकर्मानंतर ११ टक्के आणि क्षारसूत्रानंतर ४ टक्के आढळले. व्रण भरण्यास मात्र क्षारसूत्राने आठ आठवडे लागले, शस्त्रकर्माने चार. हा निकाल राजपत्राने मिळालेला नाही. थोराचा चीक धाग्याला अकरा वेळा लावणे, नंतर चीक आणि आघाड्याचा क्षार सात वेळा, नंतर चीक व हळद तीन वेळा, प्रत्येक लेपानंतर वाळविणे, असे एकवीस लेप ज्यांनी कंटाळा न करता दिले त्यांच्या हाताने तो मिळविला आहे. लेप असमान बसला तर क्षार एका ठिकाणी अधिक कापतो आणि दुसरीकडे कापतच नाही. आज तयार क्षारसूत्र पाकिटात मिळते. ते अवश्य वापरावे. पण ज्याने एकदाही स्वतः सूत्र बनविले नाही त्याला पाकिटातील सूत्र चांगले की वाईट हे कशावरून कळावे?

या विचाराने आम्ही सहा व्यवसायिक गेल्या वर्षापासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकत्र बसतो. जागा एकाच्या चिकित्सालयातील मागची खोली, खर्च नाममात्र. पहिल्या बैठकीस सुश्रुतोक्त चौदा बंध घेतले. वीस-पंचवीस वर्षे व्यवसाय केलेल्या आम्हां सहाजणांपैकी एकालाही स्वस्तिकबंध खांद्यावर असा बांधता आला नाही की रुग्णाने हात हलविल्यावर तो जागचा सरकणार नाही. तिघांना तर नावे क्रमाने आठवत होती आणि हात चालत नव्हता. चौथ्या बैठकीपर्यंत तो जमला. छेदनासाठी कोहळा घेतला तेव्हा ठरविलेल्या खोलीपेक्षा शस्त्र अधिक आत जाते हे प्रत्येकाच्या लक्षात आले, आणि माझा छेद सर्वांत खोल होता. सहाव्या बैठकीस मामांना त्यांच्या गावाहून बोलावून आणले. वय झाले आहे, ऐकू कमी येते. आम्ही मध, सैंधव व तेल घुसळून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पात्र कानाजवळ नेले, रवी स्वतःच्या हाती घेतली आणि आमच्यातील सर्वांत तरुण वैद्याला शेजारी बसवून घेतले. त्या दिवशी बाकीचा कार्यक्रम झाला नाही.

येत्या पावसाळ्यानंतर थोराचा चीक गोळा करून क्षारसूत्र बनविण्याचा क्रम धरावयाचा आहे. चीक पहाटे काढावा लागतो, त्यामुळे बैठक आदल्या सायंकाळी सुरू होईल. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ज्या वैद्यमित्रांना यावयाचे असेल त्यांनी डोळ्यांना चीक लागू नये म्हणून चष्मा, हातमोजे आणि रुंद तोंडाची काचेची बाटली सोबत आणावी.